भरीव काडतुसं आणि एक सभ्य पत्र

म्बुयुनी, किल्व्याच्या आतला मुलूख
३ फेब्रुवारी १९६८

खोबरंखाऊ शोमरी पाझीस,

तुझा मालक मिहायो लुगुशा तुला पत्र लिहितो आहे. उभा राहून वाच.

तुमच्या कचेरीत टपाल फोडायला नवा कारकून आलाय असं ऐकलं. हे पत्र तो आधी वाचणार असेल तर त्याला म्हणावं, बाबा रे, साहेबांकडे धावू नकोस. मी रानातला सरकारी शिकारी, न्यामवेझी, आणि हा दारूगोळ्याचा कोठीवाला, झरामो. आमच्या दोन जमातींत पणज्यांच्या काळापासून थट्टेचं नातं आहे. एकमेकांना शिव्या घालायच्या, टोप्या घालायच्या, समोरच्याच्या ताटातला मासा उचलून खायचा, आणि रागवायचं मात्र नाही. जो रागावला तो हरला. कारकून विलायतेत शिकून आलाय म्हणे, तिकडे विसरला असेल म्हणून लिहिलं.

आता काम. माझ्याकडे चारशे-चारच्या बंदुकीची मऊ काडतुसं अकरा आहेत आणि भरीव तीन. मला भरीव वीस हवीत. तू म्हणणार, काडतूस ते काडतूस. तू जन्मात ढेकणापेक्षा मोठं काही मारलेलं नाहीस, तेव्हा नीट समजावून सांगतो. मऊ गोळीचं टोक शिशाचं. अंगात शिरली की ती फुलते आणि आतच राहते. सिंहाला, बिबट्याला, रानडुकराला तीच. रानरेड्याला पहिली मऊ, कारण तो कळपात असतो. भरीव फुलत नाही, मारलीस तर आरपार जाऊन मागच्याला लागते आणि एक मेलेला, एक चिडलेला असे दोन रेडे पदरात पडतात. गोळी खाऊन तो पाठ फिरवून पळाला की मग भरीव, ती मागून शिरून पार छातीपर्यंत जाते. आणि हत्तीला फक्त भरीव, पहिलीसुद्धा आणि शेवटचीसुद्धा. त्याच्या कपाळाचं हाड वीतभराहून जाड, आणि त्याच्या पार मागे मेंदू, पावाएवढा. तिथे मऊ गोळी मारणं म्हणजे भिंतीवर पिकला आंबा मारणं.

हत्ती आमच्याकडे एकच आहे, पण तो पुरतो. डावा कान फाटलेला म्हणून गाव त्याला फाटकान्या म्हणतं. गेल्या साली त्याने अर्ध्या गावाचा मका खाल्ला आणि पावसाळाभर लोकांनी रानातले कंद उकडून खाल्ले. यंदा मका पुन्हा पेरलाय. तो तयार व्हायच्या आत मला भरीव काडतुसं पाहिजेत.

तुझा मालक,
मिहायो

*

दार-ए-सलाम
१९ फेब्रुवारी १९६८

ओझेवाल्या मिहायोस,

तुझे पणजोबा डोक्यावर हस्तिदंत घेऊन सहाशे मैल चालत आमच्या किनाऱ्याला आले. माझ्या पणजोबांनी त्यांना पाणी पाजलं आणि जाताना त्यांची पाटी ठेवून घेतली. तेव्हापासून तुम्ही लोक आमच्या दारात उभेच आहात. कधी पाणी द्या, कधी काडतूस द्या.

तुझं व्याख्यान वाचलं. मिस्त्रींनाही वाचून दाखवलं. आमचे मिस्त्री चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करताहेत. ते म्हणाले, "पोराला कळतं." मी म्हटलं, मिस्त्री, त्याला कळतं पण लागत नाही. तुझा नेम आठवतोय ना? टाबोऱ्याला आपण दोघं प्रशिक्षणात होतो तेव्हा तू नारळावर नेम धरलास आणि हेडमास्तरांची सायकल पंक्चर केलीस.

भरीव काडतुसं कोठारात एकही नाही. नवी पेटी बोटीवर आहे आणि बोट कुठे आहे ते समुद्राला ठाऊक. तूर्त मऊ दहा पाठवतोय, डुकरं मार.

सोबत नवं परिपत्रक जोडलं आहे, क्रमांक सात. नीट वाच आणि अंमल कर, कारण पुढच्या महिन्यात म्टेंगा साहेब तुझ्या भागात तपासणीला निघालेत. चुकीच्या प्राण्याला चुकीचं काडतूस वापरलं गेल्याच्या फार तक्रारी आल्या. म्हणून आता प्रत्येक काडतुसावर, ते ज्या प्राण्यासाठी राखलं असेल त्याचं नाव पांढऱ्या रंगात स्वच्छ अक्षरात लिहायचं आहे. खाली शिक्का आहे तो बघून घे.

माझ्या बायकोने, म्वाजुमाने, तुझ्या कालुंदेला विचारलंय, की असल्या माणसाबरोबर राहायला तिला सरकारकडून काही भत्ता मिळतो का.

तुझ्या पणजोबांच्या पाटीचा वारस,
शोमरी

*

म्बुयुनी
१४ मार्च १९६८

शोमरी,

तू माणूस नाहीस. तू सडक्या नारळातलं पाणी आहेस.

मी एकवीस काडतुसं पुसली. दवाखान्याच्या भिंती रंगवून उरलेला चुना आणला, कोंबडीच्या पिसाची टोकं काढली आणि दोन दिवस ओट्यावर बसून नावं लिहिली. अक्षर चांगलं यावं म्हणून श्वास धरून लिहिली. गावातली म्हातारी माणसं बघायला यायची. एकीने विचारलं, "माझ्या सासूच्या नावाचं आहे का रे एखादं?"

परवा म्टेंगा साहेब आले. मी पट्टा त्यांच्यासमोर मांडला. त्यांनी एक काडतूस उजेडात धरलं आणि मोठ्याने वाचलं, "रानडुक्कर, मादी."

साहेब गंभीर माणूस. त्यांनी काडतूस हळूच परत पट्ट्यात खोचलं. मग म्हणाले, "मिहायो, तू इथे किती दिवस एकटा आहेस?"

मी म्हटलं, "एकटा कुठे साहेब, बायको आहे की."

"मग तिच्या लक्षात आलं नाही का?"

मी ताठ मानेने परिपत्रक पुढे केलं. साहेबांनी शिक्का वाचला. शिक्क्यावर 'माल पोहोचला' असं आहे. मी तो शिक्का दहा वेळा पाहिला होता, पण गोल होता आणि जांभळा होता, म्हणून वाचला नाही. साहेबांचा ड्रायव्हर हसता हसता जीपच्या चाकाशी बसला. कालुंदे घरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसत होती, तो आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू येत होता.

मी रागावलेलो नाही. हे लक्षात ठेव, मी रागावलेलो नाही. पण यापुढे तुझ्या पत्रातली फक्त तारीख खरी मानीन, तीही कॅलेंडर बघून. तू लिहिलंस की घराला आग लागली आहे, तर मी आधी चहा पिईन.

आता कामाचं. माझी तीन भरीव संपली. कुणा चोरट्या शिकाऱ्याने रानरेडा घायाळ करून सोडला होता, त्याला झाडीत शिरून संपवावं लागलं. आणि फाटकान्या परत आलाय. परवा लिगोंगो म्हातारा मचाणावर बसून डबा बडवत होता. हत्तीने डब्याकडे लक्षही दिलं नाही, मचाणाचा खांबच ओढला. म्हाताऱ्याची मांडी मोडली. तो दवाखान्यात पडून माझ्याकडे बघतो आणि काही बोलत नाही. त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मक्याला कणसं धरली आहेत. भरीव काडतुसं पाठव. शब्द पाठवू नकोस.

मिहायो

*

दार-ए-सलाम
२५ मार्च १९६८

रानडुकराच्या मादीच्या नातलगास,

तुझं पत्र मी कचेरीत तीनदा आणि घरी दोनदा वाचून दाखवलं. मिस्त्रींना उचकी लागली. म्वाजुमा म्हणाली, "चुन्याने? बिचारा!" आणि मग भाकरी करपेपर्यंत हसली.

म्हाताऱ्या लिगोंगोचं वाचून मात्र वाईट वाटलं. म्हणून हात हलवले. एक गोरा मळेवाला घायपाताचा मळा विकून मायदेशी गेला. त्याच्या बंगल्यातलं सामान जमा करताना चारशे-चारच्या भरीव काडतुसांची एक पेटी निघाली. वीसच्या वीस. पितळ असं चमकतंय की तुझं तोंड त्यात दिसेल, तेव्हा बघू नकोस. पाऊस बघता ही बहुधा शेवटची लॉरी. नदी चढली की तराफा बंद होईल.

आता हत्ती नाही पडला तर दोष काडतुसाचा नाही, ओझेवाल्याच्या हाताचा.

शोमरी

*

दार-ए-सलाम
२ एप्रिल १९६८

अरे गाढवा ओझेवाल्या,

ती काडतुसं वापरू नकोस!

त्या पेटीबरोबर निघालेली सात सुटी काडतुसं इथे राहिली होती. काल मिस्त्री एका दुरुस्त बंदुकीची चाचणी घेत होते, तर मी ती दिली. पहिली चार बरोबर उडाली. पाचव्याला चाप ओढला, टक्. आवाज तेवढाच. मी खटका उघडायला हात पुढे केला तर मिस्त्रींनी माझ्या मनगटावर फटका मारला. "थांब!" आणि तेवढ्यात धाड! काडतूस झोपून उठलं आणि मग उडालं. हात घातला असता तर आज डाव्या हाताने लिहीत असतो. सातवंही तसंच. मिस्त्री म्हणाले, तो मळेवाला वीस वर्षं पेटी दमट तळघरात ठेवून बसला होता. वरचं पितळ त्याच्या नोकराने घासून चकचकीत ठेवलं, पण आतल्या दारूला ओल लागली.

हत्तीपुढे तुझं काडतूस झोपलं तर काय होईल ते तुझ्या डोक्याच्या मडक्यात शिरतंय का? ती फेकून दे. मी दुसरी बघतो.

शोमरी

*

म्बुयुनी
१७ एप्रिल १९६८

शोमरी खोटारड्या,

तुझं पत्र आलं. तराफा बंद आहे म्हणून टपालवाल्याने नावेतून आणलं. वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो.

झोपाळू काडतुसं! व्वा! नावं लिहून झाली, आता त्यांना पाळण्यात घालून अंगाई म्हणायची का? मी ती फेकून द्यायची, फेकली की साहेब विचारणार वीस काडतुसं कुठे गेली, मी सांगणार साहेब ती झोपत होती, आणि ड्रायव्हर पुन्हा चाकाशी बसणार. तुझा डाव मला तारखेपासून कळला. एप्रिल महिन्यात तुम्ही किनाऱ्यावरचे लोक गोऱ्यांसारखे एकमेकांना मूर्ख बनवता हे मलाही ठाऊक आहे. एक दिवस उशीर झाला तुला.

तरी मी खात्री करून घेतली. एक काडतूस बंदुकीत घातलं आणि बाओबाबच्या खोडावर उडवलं. धाड! क्षणाचा उशीर नाही. गोळी कुठवर गेली ते काठी घालून पाहिलं, काठी संपली तरी तळ लागला नाही. आणखी उडवणार नाही. फाटकान्या आवाज ऐकून वाट बदलेल.

आता त्याची वाट मला पाठ झालीय. दर चौथ्या दिवशी, उन्हं कलली की तो ओढ्याच्या खिंडारातून येतो. खिंडारापासून तीस पावलांवर एक मोठं वारूळ आहे. तीस तारखेच्या पुढे मका खुडायचा आहे, म्हणजे त्याच्या आधी त्याला थांबवलंच पाहिजे. मी वारुळाआड बसणार. लिगोंगोला शब्द दिलाय.

हत्ती पडला की तुला कळवीन. मग तू खोटं बोलल्याबद्दल माझ्या दाराशी येऊन नाच.

तुझा जागा असलेला मालक,
मिहायो

*

दार-ए-सलाम
२४ एप्रिल १९६८

आदरणीय बंधू मिहायो लुगुशा यांस,

शोमरी पाझी याचा सादर सलाम. आपण आणि कालुंदेताई दोघंही सुखरूप असाल अशी आशा करतो. इकडे म्वाजुमा आणि मी बरे आहोत.

पत्र लिहिण्यास कारण की, मी आपल्याला २५ मार्चला पाठवलेली भरीव काडतुसं सदोष आहेत. आमच्या मिस्त्रींनी सात उडवून पाहिली, त्यांपैकी दोन उशिरा उडाली. बाकीची चांगली निघाली, त्यामुळे एखादं बरोबर उडालं म्हणून सगळी बरोबर आहेत असं कृपया समजू नये. २ एप्रिलच्या पत्रात मी हेच लिहिलं होतं आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. ज्या रीतीने मी ते लिहिलं, त्या रीतीमुळे आपला विश्वास बसला नाही. तो दोष माझा आहे.

या पत्राबरोबर सहा भरीव काडतुसं पाठवत आहे. ती मिस्त्रींनी स्वतःच्या पेटीतून दिली आहेत आणि त्याच खोक्यातली चार माझ्यासमोर उडवून पाहिली आहेत. रस्ता बंद असल्यामुळे किल्व्याला जाणाऱ्या गलबताच्या तांडेलाकडे पुडकं दिलं आहे. पुढे सायकलवर माणूस पाठवण्याची व्यवस्था तो करील.

आपण आपल्या जिवाला जपावं, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र,
शोमरी पाझी

*

म्बुयुनी
४ मे १९६८

शोमरीभाऊजी,

हे पत्र मी, कालुंदे, लिहिते आहे. ते लिहायला तयार नाहीत. घाबरू नका, दोन्ही हात आणि दोन्ही पाय जागच्या जागी आहेत.

तुमचं पुडकं अठ्ठावीस तारखेला आलं. उन्हं कलायला लागली होती. सायकलवाला चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेला. ते दुपारीच वारुळाकडे गेले होते. तुम्हा दोघांची पत्रं मी नेहमी आधी वाचते, दिवसभर हसायला होतं. पाकीट फोडलं आणि पहिली ओळ वाचली, 'आदरणीय बंधू'. वाटलं दुसऱ्या कुणाचं आहे. खाली पाहिलं, तुमचंच नाव. पुढे वाचत गेले, एक शिवी नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, तुम्ही ह्यांना कधी माणूससुद्धा म्हणाला नाहीत, आणि आता 'आपण'?

चुलीवर मक्याच्या पिठाची उगाली शिजत होती, ती तशीच टाकली. पत्र आणि काडतुसं ओच्यात घेऊन शेताच्या बांधाने पळाले. लिगोंगोबाबा दवाखान्याच्या ओसरीवरून ओरडत होता, "बाई, तिकडे जाऊ नकोस, त्याची वेळ झाली!" मी थांबले नाही. वारुळाजवळ गेले तेव्हा ह्यांनी मागे न बघता हातानेच खाली बसायची खूण केली. मी त्यांच्या नाकासमोर पत्र धरलं.

ते कुजबुजले, "वेडी झालीस का? आत्ता वाचायची वेळ आहे?"

मी म्हटलं, "पहिली ओळ वाचा."

त्यांनी वाचली. तोंडावरचा रंग उतरला. म्हणाले, "कोण गेलं?"

"कुणी नाही. पुढे वाचा."

त्यांनी सगळं वाचलं, पान उलटून मागचा कोरा भाग बघितला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग बंदूक उघडली आणि आतली चार चकचकीत काडतुसं काढून गवतावर ओळीने ठेवली. तुमच्यातली चार भरली. शेवटचं भरताना त्यांचा हात थरथरत होता, हे त्यांना सांगू नका. फाटकान्या आला तेव्हा माझी मान जमिनीला टेकलेली होती. मी पाहिलं नाही, ऐकलं. आधी फांद्या मोडल्याचा आवाज, मग काहीच नाही, मग बंदूक. एकच बार. तो चवळीच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसला आणि तसाच आडवा झाला. सगळं गाव कोयते आणि टोपल्या घेऊन धावलं. लिगोंगोबाबाला खाटेवर घालून आणलं, त्याने हत्तीचा फाटका कान हातात धरला आणि लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी ती चार काडतुसं घेतली. गवतावर ठेवताना जे सगळ्यांत आधी बाहेर आलं होतं, म्हणजे हत्तीवर जे पहिलं उडणार होतं, ते त्यांनी लक्षात ठेवून बाजूला ठेवलं होतं. तेच आधी भरलं, बंदूक वारुळावर रोखली आणि चाप ओढला.

टक्.

लिगोंगोबाबा खाटेवरून मोठ्याने मोजत होता. एक, दोन, तीन, चार. चारला ते उडालं. त्या तीस पावलांत हत्तीला चार कुठले, दोनसुद्धा आकडे लागले नसते, हे तिथे प्रत्येकाला कळलं.

त्यानंतर सहा दिवस झाले, माझा नवरा मला 'आपण' म्हणतोय. "आपण मीठ देता का?" काल शेजारच्या बकरीला वाट देऊन बाजूला उभा राहिला. मला हे सहन होत नाही, भाऊजी. आधीचा चावट माणूस बरा होता. त्यांना लवकर काहीतरी घाणेरडं लिहा.

तुमची,
कालुंदे

ता. क. हत्तीच्या शेपटीच्या केसाचं कडं म्वाजुमासाठी पाठवते आहे. मीच विणलंय.

*

म्बुयुनी
११ मे १९६८

शोमरी पाझी,

कालुंदेने तुला काय लिहिलं ते ती सांगत नाही. माझा हात थरथरला असं लिहिलं असेल तर ते खोटं आहे.

तुझ्यावर माझा आरोप आहे. तू माझा मान राखलास. आमच्या सात पिढ्यांत एकाही झरामोने न्यामवेझीचा असा अपमान केलेला नाही. मी ते पत्र उन्हात धरून पाहिलं, लिंबाच्या रसाने कुठे शिवी लिहिली आहे का म्हणून. पाण्याच्या वाफेवर धरलं. काही निघालं नाही. मला नम्र म्हणवून घेणारा शोमरी नको आहे. त्या पत्राने मला हत्तीपेक्षा जास्त घाबरवलं, कारण हत्तीला मी ओळखत होतो.

इथे टाबोऱ्याकडचे आम्ही चार न्यामवेझी आहोत. आम्ही बसून निवाडा केला. पाऊस संपला की तू म्बुयुनीला यायचंस. मी भर बाजारात तुझ्या डोक्यावरची भरतकामाची टोपी काढून घेणार, तुझ्यासमोर माझ्या गाढवाला घालणार, आणि तू हसायचंस. आभार मी मानणार नाही. थट्टेच्या माणसाचे आभार मानले तर नातं मोडतं. पण लिगोंगो म्हातारा आमच्यातला नाही, त्याला ही बंधनं नाहीत, तो तुझ्यासाठी दोन कोंबड्या बांधून ठेवणार आहे.

एक विचारायचं राहिलं. तुला हे सुचलं कसं? तू शपथा घालून, आईची आण घेऊन पुन्हा लिहिलं असतंस तर मी हसलो असतो आणि तेच काडतूस भरून बसलो असतो. मला ते माहीत आहे, आणि तुलाही माहीत असणार.

मिहायो

*

दार-ए-सलाम
२३ मे १९६८

ओझेवाल्या, गाढवाच्या टोपीवाल्या, चुन्याने नावं लिहिणाऱ्या मेल्या,

कालुंदेला वाचून दाखव, म्हणजे तिच्या जिवाला बरं वाटेल. तिचं कडं म्वाजुमा हातातून काढत नाही.

टोपी काय, लुंगीसुद्धा घे. पण तुझा निवाडा चुकलाय. पहिलं पत्र मी लिहिलं ते शिव्यांचंच होतं. तुझं झोपाळू काडतुसांचं पत्र आलं त्या दिवशी मी तीन पानं आणखी शिव्यांची लिहिली, आईची आणही घेतली, आणि वाचून पाहिलं. मलाच हसू आलं. मग कळलं, तू हे वाचून हसणार आणि त्याच पावली वारुळामागे जाऊन बसणार. सहा वर्षं मी तुला इतकं खोटं लिहिलंय की माझ्याकडे खरं बोलायला शब्दच उरले नव्हते.

मी कोठारात एका खोक्यावर बसलो. मिस्त्री म्हणाले, "काय रे?" मी दुसरंच मोजत होतो. तू मेलास तर निरोप मला येणार. तुझ्या मयताला येऊन तुझी नक्कल करायचं काम माझं आहे, थट्टेच्या नात्यातल्या झरामोचं. तुझा सदरा मी घालायचा, रडणाऱ्या माणसांमधून तुझ्यासारखं पाय फेकत चालायचं, तुझ्यासारखं नाकातून बोलायचं, कालुंदेला म्हणायचं, "बये, उगाली कुठाय?" आणि ती हसेपर्यंत थांबायचं नाही. माझ्या बापाने हे तुमच्यासाठी चौदा वेळा केलंय, मी पाच वेळा केलंय, आणि मी फार चांगलं करतो हे सगळं टाबोरा सांगेल. म्हणून त्या खोक्यावर बसून मी मनातल्या मनात तुझी नक्कल करून बघितली. पहिलं पाऊल टाकलं आणि पुढचं टाकता येईना. एक विनोद सुचला नाही, मिहायो. एकसुद्धा नाही. मिस्त्रींनी आपली पेटी उघडून पुढे काही न विचारता सहा काडतुसं माझ्यापुढे ठेवली.

तेव्हा मी कागद घेतला आणि 'आदरणीय बंधू' लिहिलं. त्यात थट्टा शोधू नकोस. ती नाहीच.

पाऊस उघडला की पहिल्या लॉरीने येतो. तोवर जिवंत राहा, मेल्या, माझी तयारी झालेली नाही.

शोमरी